मुहूर्तावर बंद केलेला कम्प्युटर

कापसाच्या जिनिंगमधला वजनकाट्याचा कम्प्युटर आपल्याशिवाय कोणाच्या बापाले कळत नाही, असं अमर बाभुळगावच्या चहाटपरीवर छातीठोकपणे सांगायचा. हंगामाचा पहिला कापूस बिनबोभाट मोजला गेला की मालक पुंडलिकराव त्याला पर्मनंट करणार होते. त्यामुळे छाती जरा जास्तच फुगली होती.

हा लिनक्सवाला कम्प्युटर बसवून दिला होता यवतमाळच्या प्रेरणाताईनं. जाताना तिनं बजावलं होतं, "मशीन सुरू होताना जे स्क्रिप्ट चालते ना, ते साध्या शेलमधीच लिहायचं, ते भाषा मशीनच्या अंगचीच असते. पायथन, पर्ल असल्या वरच्या भाषा घुसवायच्या नाही. त्या टायमाले ते हाताशी असनच असं नाही."

"पायथन येत असल्यावर शेल कायले?" अमर म्हणाला. अर्थात ती गेल्यावर. मग जागा वाचवायला त्यानं पायथनसकट सगळं सामान दुसऱ्या डिस्कवर हलवलं, आणि मशीन सुरू होताना ती डिस्क जोडणारं स्क्रिप्ट ऐटीत पायथनमध्ये लिहिलं. त्यानंतर मशीन कधी बंदच झालं नाही, म्हणून सगळं झकास चालू होतं.

मुहूर्ताच्या सकाळी काट्यावर तोरण बांधलं आणि पहिली गाडी लागली तांड्यावरच्या शंकरसिंगकाकांची. गाडीची पूजा झाली, काकांना शाल-नारळ दिलं. मागं गाड्यांची ही रांग. पुंडलिकरावांची नजर कम्प्युटरवर गेली.

"अरे, हा तं आधीच चालू हाय. मंग मुहूर्त कायचा? बंद कर. काकाच्या हातानं चालू करू."

अमरनं रुबाबात बंद केला. काकांनी बटन दाबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: पायथन सापडत नाही.

अमरनं बाजूला जाऊन फोन लावला.

"पायथन कुठी ठेवलं?" प्रेरणाताईनं विचारलं.

"दुसऱ्या डिस्कवर."

"ते डिस्क कोण जोडते?"

"...पायथन."

"म्हणजे चावी कोठीत ठेवून बाहेरून कुलूप लावलं तुनं."

ती पेनड्राइव्हवरून मशीन उठवायला सांगू लागली. इकडं ऊन तापलं. शंकरसिंगकाका बराच वेळ थांबले, मग म्हणाले, "बेटा, तुयं चालू दे. मी समोरच्या जिनिंगात जातो." शाल खांद्यावर, नारळ काखेत, आणि गाडी वळली. मागची रांगही निमूट वळली. पुंडलिकराव आपणच दिलेल्या शालीकडं पाहत राहिले.

शेवटी शेलच्या मोजून तीन ओळींत काम झालं आणि काट्याचा आकडा झळकला.

"साहेब, झालं चालू."

"आता काय मोजू, तोरण? उभा राह्य काट्यावर."

घामानं निथळत अमर उभा राहिला. साठ किलो, बरोब्बर. त्याला तेवढ्यातही धीर आला.

"पाहा साहेब, काटा एकदम करेक्ट हाय. मंग माह्या पर्मनंटचं..."

पुंडलिकरावांनी कापसाचा चिमटा घ्यावा तसा त्याचा सदरा दोन बोटांत धरून पाहिला.

"वजन ठीक हाय. पण माल ओला हाय बाप्पा. वाळू दे. पुढच्या हंगामात आण."