अण्णांचा डावा खांदा

नागोजीराव मोहिते रस्त्यात कुणालाही वाकून नमस्कार करत. पोस्टमनला, इडलीच्या गाडीवाल्याला, बसथांब्याच्या खांबाला आणि एकदा तर भिंतीवर चिकटवलेल्या निवडणुकीच्या उमेदवारालाही. हात पाठीमागे बांधून कमरेत वाकायचे आणि तसेच थांबायचे. मला ते पहिल्यांदा भेटले, त्या दिवशीच मी चामराजपेटेत राहायला आलो होतो. बंगळूरची माणसं फार नम्र असतात असं ऐकून होतो, म्हणून मीही वाकलो. मी वर आलो तरी हे खालीच. मग त्यांच्या टकलावरून एक पोपट पाय घसरत घसरत डाव्या खांद्यावर उतरला, तेव्हा कुठे ते सरळ झाले. खिशातून एक शेंगदाणा काढून त्यांनी पोपटाला दिला आणि कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे ठीक. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही का वाकलात?"

हे माझे घरमालक. आमच्या क्रॉसवर, म्हणजे इकडच्या भाषेत गल्लीत, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. हे ते अशा सुरात सांगत, की गेल्या आठवड्यात संध्याकाळची बस चुकली असावी. मी मिरजेचा पवार. इलेक्ट्रॉनिक सिटीत नवी नोकरी लागलेली, कंपनीची बस सकाळी सातला. अण्णांच्या माडीवरची एक खोली मला मिळाली, आणि खोलीबरोबर अण्णाही.

अण्णा एका कारखान्यात पत्रा कापणाऱ्या प्रेसवर फोरमन होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी फोरमनपणा उतरला नव्हता. बोलण्यात काटकसर फार. त्यांचा लाडका शब्द एकच, 'पुरे'. चहा अर्धा कप झाला की पंजा वर, पुरे. माझं बोलणं दोन वाक्यांपुढे गेलं की पुरे. देवळात पुजाऱ्याचे मंत्र लांबले तर तिथेही पंजा वर जायचा, आणि पुजारी खरंच थांबायचा.

मी आलो तेव्हा त्यांच्या पत्नीला जाऊन चार महिने झाले होते. त्यांना सगळे अक्का म्हणत. मी त्यांना पाहिलं ते फक्त हार घातलेल्या फोटोत. पोपट त्यांचा. त्या त्याला चिन्ना म्हणायच्या, कानडीत सोनं. अण्णा त्याला अप्रेंटिस म्हणत.

अप्रेंटिसच्या बसण्याचे नियम त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी ऐकवले.

"डोकं बंद. उजवा खांदा बंद. मनगट जेवणापुरतं. डावा खांदा ही त्याची जागा. दुसरीकडे बसला तर दाणा नाही, शिवी नाही, काहीच नाही. डोक्यावर चढला की मी वाकतो. त्याचा पाय ठरत नाही, आपणहून खाली येतो. हाकलायचं नाही, बघा. हाकललं तर त्याला खेळ वाटतो."

"पण डोक्यावर बसला तर बिघडलं काय, अण्णा?"

"हिनं लाडावून ठेवलाय. दिवसभर हिच्या अंबाड्यावर. ही स्वयंपाक करायची, हा वर बसून बघायचा." आणि पंजा वर आला. "पुरे."

त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या डाव्या खांद्यावर जुन्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाचं ठिगळ होतं, नखं रुतायला. पोपट उजव्या खांद्यावर गेला की अण्णा तो खांदा उडवायचे. त्यामुळे त्यांना काही विचारावं, तर उत्तर यायच्या आधीच 'मला काय ठाऊक' असं दिसायचं. मी कित्येक दिवस नळाला पाणी कधी येतं हे दुसऱ्यांनाच विचारत होतो. कॅलेंडरवर रोजच्या तारखेखाली बारीक अक्षरात नोंद असे. 'डावा ३, डोकं १९.' सहा महिन्यांनी ती 'डावा ११, डोकं ४' इथवर आली होती, आणि अण्णा त्या दिवशी चक्क पाऊण कप चहा प्यायले.

मग बेळगावला त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं. चार दिवस अप्रेंटिस माझ्याकडे. जाताना अण्णांनी एकच सूचना दिली. "वाका."

पहिला दिवस मी इमानाने वाकलो. दुसऱ्या दिवशी दाढी करताना तो डोक्यावर चढला. तोंडाला साबण, हातात वस्तरा. बसू दे, म्हटलं. तिसऱ्या दिवशी रविवार, मी पेपर वाचत पडलो होतो. तो वर काहीतरी मागत होता, म्हणून न बघताच एक दाणा वर दिला. मग आणखी एक. संध्याकाळी तो माझ्या केसांत बसून काहीबाही पुटपुटायचा, त्याकडे मी लक्ष दिलं नाही. खरं सांगायचं तर मला सगळा प्रकारच म्हाताऱ्याचा हट्ट वाटत होता.

अण्णा आले. पोपट सरळ त्यांच्या डोक्यावर. अण्णा वाकले, तो हलला नाही. आणखी वाकले, त्यानं टकलात नखं रोवली. त्यांचं कपाळ गुडघ्याला लागायला आलं तरी तो ढिम्म.

तसंच वाकलेल्या अवस्थेत त्यांनी विचारलं, "वर दाणा दिलात?"

"एक-दोनदा."

"पुरे," अण्णा म्हणाले आणि पोपटाला घेऊन आत गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मलाही राग आला. एका पोपटाच्या बैठकीसाठी माणसाशी अबोला? नवव्या दिवशी काय ते सुनवायचं म्हणून मी खाली गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी उजवीकडून तावातावाने बोलत सुटलो. माझं बरंच बोलून झालं, तरी ते समोरच बघत होते. मग माझी सावली दिसली म्हणून दचकले आणि डावी बाजू माझ्याकडे करून म्हणाले, "हां, आता बोला."

ते नेहमीच तसे वळायचे. इतके महिने मी ती त्यांची ऐट समजत होतो.

"उजवा कान कारखान्यात गेला," ते म्हणाले. "प्रेस त्या बाजूला होता. आता हाही चाललाय. डॉक्टर म्हणतात, वर्षभर टिकला तर टिकला. कानाला मशीन लावून बघितलं, नुसता खडखडाट."

मी त्यांच्या डाव्या बाजूला ओट्यावर बसलो.

"तो बोलतो, पवार. दिवसातून एकदा, दिवेलागणीला. फार हळू. डोक्यावरून बोलला तर मला नुसती कुजबुज. खांद्यावर असला, तर शब्द कळतो."

"काय बोलतो?"

अण्णांनी खांद्यावरचं ठिगळ उगाचच सारखं केलं. "ही विचारायची तेच. हिच्याच आवाजात. 'स्वल्प भात वाढू?' एकतीस वर्षं रोज विचारलं. मी पेपरातून मान काढली नाही कधी. नुसतं..." त्यांनी पंजा वर केला. तो शब्द त्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून निघाला नाही.

मला फार लाज वाटली. अण्णांच्या कानाला वर्षच उरलेलं, आणि त्यांच्या सहा महिन्यांच्या मेहनतीवर मी रविवारचा पेपर वाचत पाणी ओतलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मीही कामाला लागलो. पोपटाला माझ्या डोक्याचीही चटक लागली होती, त्यामुळे दोन्ही डोकी एकदम बंद करणं भाग होतं. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो की आम्ही दोघं फिरायला निघायचो. पोपट अण्णांच्या डोक्यावर गेला की अण्णा वाकायचे. तिथून माझ्या डोक्यावर आला की मी वाकायचो. भर रस्त्यात समोरासमोर उभे राहून आम्ही एकमेकांना इतके नमस्कार केले, की इडलीवाल्यानं शेवटी विचारलं, "एन सार, पूजेना?" म्हणजे काय साहेब, पूजा चाललीय का? मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांचं लक्ष पोपटाच्या पायांकडे होतं.

थंडीत बाजारात अवरेकाई आली. हे कोवळे वालाचे दाणे म्हणजे बंगळूरकरांचा जीव की प्राण. पोपटाचाही निघाला. शेंगदाण्यानं जे होईना ते अवरेकाईनं केलं. जानेवारीत एका तारखेखाली अण्णांनी लिहिलं, 'डावा १२, डोकं ०.'

त्या संध्याकाळी ते मला जेवायला थांबवून घेऊन पाटावर बसले. दिवा लागला होता. पोपट खाकी ठिगळावर सरकत सरकत कानाशी गेला, आणि मी अक्कांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. जरा दमलेला, हातात पातेलं धरून बोलणाऱ्या बाईचा.

"स्वल्प भात वाढू?"

अण्णांचा पंजा सवयीनं वर निघाला होता. अर्ध्यावर त्यांनी तो थांबवला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं आणि मांडीवर ठेवला. दाणा द्यायचंही विसरले, तो मी दिला.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. पुढच्या पावसाळ्यानंतर अण्णांना ऐकू येणं थांबलं. तरी दिवेलागणीला ते पाटावर बसत. पोपट शिकवल्याप्रमाणे डाव्या खांद्यावर येई, कानाशी चोच नेई. अण्णा मान न वळवता डोळे माझ्याकडे फिरवत. तो म्हणाला का, एवढंच विचारणारे डोळे.

मी मान हलवायचो. कधी तो खरंच म्हणालेला असायचा. कधी नुसताच पिसं फुलवून बसलेला असायचा. मी दोन्ही वेळा मान हलवायचो.

अण्णांना स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहिला नव्हता. सगळ्या क्रॉसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणायचे, "वाढ."