काटेकोर म्हंजी काय?

माण गावच्या चंद्राबाईंची वरची खोली तीन महिने रिकामी होती, आणि बाईंच्या मते त्याला कारण एकच शब्द. आधीचा भाडेकरू ऋषिकेश जाताना कंपनीच्या ग्रुपवर लिहून गेला होता, "खोली झकास, पाणी भरपूर, घरमालकीण काटेकोर." झालं! तेव्हापासून येणारा जिन्यातूनच परत फिरायचा. आता दारात चपला एका ओळीतच लागतात, आणि खोली बघायला एक मिनिट उशिरा आलेल्याला गेट उघडत नाही, याचा त्याच्याशी काय संबंध?

आज पाच वाजता प्रियदर्शिनी नावाची मुलगी येणार होती. ही पण गेली तर खोलीत कबुतरंच राहणार. तो शब्द शिवी आहे की शाबासकी, एवढं तरी आधी कळायला हवं. चार वाजता बाईंनी पायात चपला घातल्या आणि माऊलीचं किराणा दुकान गाठलं.

"काकू, काटा म्हंजी तराजूचा काटा," साखर मोजता मोजता माऊली म्हणाला. "त्यो मधोमध आला की माप खरं."

"आन् कोर?"

"कोर... भाकरीची आसती की!"

"भाकरीचा आन् तराजूचा काय संबंध रं?"

मागे गिऱ्हाइकं खोळंबली. माऊलीनं हात जोडले. "तुमी किशोर गुरुजींना इचारा."

निवृत्त किशोर गुरुजींनी प्रश्न ऐकून आधी चष्मा पुसला. "अंदाजानं सांगणार नाही. कोश बघू." पहिला कोश उघडला. "काटेकोर म्हणजे अचूक, चोख."

"म्हंजी शिवी न्हाई?" बाईंचा जीव भांड्यात पडला. "येते मी."

"बसा. अर्थ मिळाला, पण शब्द आला कुठून ते राहिलं. तराजूचा काटा मलाही पटतो, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे." दुसरा कोश आला. मग तिसरा. मग तिसऱ्यातली बारीक अक्षरं वाचायला भिंग, आणि भिंगावरची धूळ पुसायला फडकं.

"आवो गुरुजी, किती काटेकोर वं तुमी!" बाई वैतागून बोलल्या आणि जीभच चावली. समोर घड्याळात पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

बाई धापा टाकत घरी आल्या. गेटच्या कडीत चिठ्ठी होती.

"बरोबर पाचला आले. पाच वाजून एक मिनिटापर्यंत थांबले. वेळ न पाळणाऱ्यांकडे मी राहत नाही. दारातली तिसरी चप्पल वाकडी होती, सरळ केली आहे. प्रियदर्शिनी."

बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग चपलांकडे पाहिलं. ओळ दोरीत होती. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोडीचं माणूस दारात आलं, आणि आपणच घरी नव्हतो! त्यांनी लगेच फोन लावला.

"बाळा, चुकलं माझं. खोली तुझीच हाय, ये गं."

"उद्या पाच वाजता बघेन. उशीर चालणार नाही, काकू."

"न्हाई व्हनार!"

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच चंद्राबाई खुर्ची टाकून स्वतःच्याच गेटबाहेर बसल्या होत्या. रस्त्यानं जाणारा माऊली थांबला. "काय काकू, कळला का अर्थ?"

"कळला," पदरानं घाम पुसत बाई म्हणाल्या. "शाबासकीच हाय. पर दुसरं कुणी तसं निघालं की लई धडधडतं रं."