थोरल्याची ओळख पटवण्याबाबत

माणसाने आकाशाकडे पाहणं सोडलं, तेव्हापासूनच आकाशावर नीट लक्ष ठेवता येऊ लागलं आहे. पूर्वी लोक माना वर करकरून पाहायचे आणि त्यांना नुसत्या चांदण्या दिसायच्या. मी ज्या कार्यालयाचा वार्षिक अहवाल लिहितो, त्यात नऊ खोल्या आहेत आणि एकीलाही खिडकी नाही. (दोन होत्या. त्यांतून बाहेर पाहिलं जातं अशी तक्रार आल्यावर बुजवल्या.)

पृथ्वीभोवती चालू उपग्रह फिरतात, बंद पडलेले फिरतात, रॉकेटांची टरफलं फिरतात, आणि कुणा अंतराळवीराच्या हातून निसटलेला नट आवळायचा एक पानाही फिरतो. यातलं कामाचं काय आणि कचरा काय, हे ओळखणं आमचं काम. पूर्वी ते चौदा माणसं करायची आणि त्यांच्यात वाद व्हायचे. आता एक यंत्र करतं, आणि त्याचा स्वतःशी वाद होत नाही. आमचे दोन उपग्रह वर फिरता फिरता इतरांचे फोटो काढतात. यंत्र ते पाहून सेकंदाला चारशे वस्तू ओळखतं. अचूकता ९९.२ टक्के. (हा आकडा यंत्रानेच काढला आहे, त्यामुळे त्यात मानवी चूक संभवत नाही.)

या दोन उपग्रहांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरल्याला वर जाऊन अकरा वर्षं झाली. गेल्या गेल्याच त्याचा एक पंख अर्धा उघडून अडकला, म्हणून तो एक खांदा पाडून उभा असल्यासारखा दिसतो. पण कामाला एक दिवस दांडी नाही. त्याला चालवणाऱ्या बाईंना सगळे थोरल्याच्या आई म्हणतात. आपल्याला ते आवडत नाही, असं त्या प्रत्येकाला आवर्जून सांगतात.

एका सोमवारी धाकट्याने जाता जाता थोरल्याचा फोटो काढला. यंत्राने निकाल दिला: कचरा, खात्री ९७ टक्के. पुढचा नियम सरळ आहे. ज्या कचऱ्यात इंधन शिल्लक असेल, त्याला खाली उतरायचा हुकूम द्यायचा; तो उतरताना हवेत जळून जातो. (हुकूम पाळणाऱ्याला कचरा का म्हणायचं, हा प्रश्न नियमावलीत येत नाही.)

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. मी टिपणं घ्यायला होतोच.

"साहेब, तो चालू आहे. आत्ताच त्याच्याशी बोलून आले."

"काय म्हणतोय?"

"तापमान ठीक, बॅटरी ठीक. सकाळपासून दोनशे फोटो पाठवलेत त्याने."

"अहो बाई, स्वतःबद्दल वाईट कोण सांगतं?"

वस्तूने स्वतःविषयी केलेलं निवेदन पुरावा धरता येत नाही, असं कलम सात आहे. पण साहेब मनाचे वाईट नाहीत. अपिलाचा अर्ज त्यांनीच खणातून काढून दिला.

इथे यंत्राच्या शिक्षणाविषयी सांगायला हवं. ते जनतेकडून शिकलं. इंटरनेटवर कुठलंही दार उघडायला गेलात की आधी 'मी यंत्र नाही' असं लिहून द्यावं लागतं. मग नऊ चौकोनांत नऊ चित्रं येतात आणि कचरा असलेले सगळे चौकोन निवडा म्हणतात. ती चित्रं आमची. बरोबर उत्तर विचारणाऱ्यालाही ठाऊक नसतं, ते तुमच्याकडूनच शिकायचं असतं. त्यामुळे काहीही दाबलंत तरी दार उघडतं. दोन कोटी नागरिकांनी सरासरी १.४ सेकंद देऊन हे यंत्र घडवलं आहे. एवढा वेळ हल्ली पोटच्या पोरांनाही मिळत नाही.

अपिलात तोच फोटो सात दिवस पुन्हा जनतेपुढे ठेवतात. दोन चौकोनांत रॉकेटाचे फुटके तुकडे, सहांत धडधाकट उपग्रह, आणि मधल्या ओळीत उजवीकडे थोरला. निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला हात लावला नाही, तर तो सुटला.

बाईंनी भावजयीपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत सगळ्यांना फोन केले. "एक पंख पडलेला दिसेल. त्याला दाबू नका गं, तो आपला आहे." चौथ्या दिवशी जेवताना नवरा त्यांना म्हणाला, "अगं, ते तुझं कोडं मला आलं होतं आज."

"मग?"

"तीन दाबले."

"तीन?"

"दोनच कसे असतील? इतकं सोपं कुणी विचारतं का? म्हटलं, तिसरा असणारच. दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यायची होती, ती जात होती हातची."

हे बाईंनी मला दुसऱ्या दिवशी जिन्यात सांगितलं. बोलताना त्या रडल्या नाहीत, आणि मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. पण त्यासाठी अहवालात रकाना नाही.

निकाल लागला: कचरा, ५१.३ टक्के. खाली उतरायचा हुकूम चालवणाऱ्यानेच द्यायचा असतो, कारण संकेतशब्द त्यालाच माहीत असतो. गुरुवारी अकरा वाजता बाईंनी तो दिला. थोरल्याने लगेच पाळला. त्याचा शेवटचा संदेश आमच्या दप्तरी आहे: तापमान जरा जास्त, बॅटरी ठीक, फोटो बारा. (ते बारा फोटो धाकट्याचे होते. यंत्र सध्या त्याच्याविषयी विचार करत आहे.)

हा सगळा तपशील जनतेला पाहायला खुला आहे, पण तुम्ही तसदी घेऊ नका. त्या आठवड्यात तुम्हीही कसलं तरी दार उघडायला गेला होतात. मधली ओळ, उजवीकडचा चौकोन. तुमचं बोट ०.३ सेकंद थबकलं होतं, तशी नोंद आहे. मग तुम्ही दाबलंत. तुम्ही यंत्र नाही, हे त्यावरून निर्विवाद सिद्ध झालं.