पवनारला सोडलेला उंदीर

कुर्र… कुर्र… कुर्र.

आचल नुकतीच झोपली होती. शनिवारची दुपार. सासूबाई शकुंतलाबाई शेजारी मेथी निवडायला गेलेल्या, सासरे बबनराव तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झालेले. नालवाडीच्या त्या घरात अशी शांतता कधी नव्हे ती मिळायची, आणि मिळाल्याबरोबर रीताने पाय लांब करून चहाचा कप तोंडाला लावला होता. तेवढ्यात दिवाणाच्या पोटात बसून कुणीतरी भाजलेला पापड खावा, तसा हा आवाज आला.

तिने कप खाली ठेवला. आवाज थांबला. कप उचलला. आवाज सुरू झाला.

"आई," आचल डोळे न उघडता म्हणाली, "कोण खाऊन राह्यलं?"

"कोणी नाही. झोप तू."

"मंग आवाज काऊन येते?"

संध्याकाळी रीताचा नवरा योगेंद्र दुकानातून आला तेव्हा दिवाणाभोवती बैठक भरली होती. शकुंतलाबाईंचं मत तयार होतं. "त्यात काय इतका विचार करायचा? कणकेच्या गोळीत औषध घालायचं अन् ठेवून द्यायचं. सकाळी शेपटी धरून उकिरड्यावर."

"काय बोलून राह्यली वो तू!" बबनराव ताडकन उठून बसले.

किराणा दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून बबनराव सकाळच्या बसने पवनारच्या आश्रमात प्रार्थनेला जात, आणि तेव्हापासून त्या घरात कुणी कुणाला मारत नव्हतं. डासाला ते पंच्याने वारा घालत आणि "जा बावा, जा दुसरीकडे" म्हणत. झुरळाला कागदावर घेऊन अंगणाच्या टोकाशी नेऊन सोडत. ते पाय धुऊन आत येईपर्यंत झुरळ त्यांच्याआधी घरात पोचलेलं असे.

"बाबा, मग काय याचं नाव रेशनकार्डावर चढवू?" योगेंद्रने विचारलं.

शेवटी तोड निघाली ती अशी, की माणूस पेस्ट कंट्रोलचाच बोलवायचा, पण काम त्याने बबनरावांच्या पद्धतीने करायचं.

तो माणूस म्हणजे नत्थूजी. पूर्वी ते आठवडी बाजारात ओरडून ढेकणांचं औषध विकत. आता लुना घेतली होती, मागे फवारणीचा पंप बांधला होता आणि पंपावर लाल रंगात 'पेस्ट कंट्रोल' रंगवून घेतलं होतं. नाकावर रुमाल बांधूनच ते घरात शिरले, आणि अट ऐकल्यावर त्यांनी तो सोडला.

"मारायचं नाई? मंग मले काऊन बलावलं जी? कीर्तन करू का त्याच्यासमोर?"

"पकडायचा," बबनराव म्हणाले. "अन् मी त्याले पवनारले, नदीच्या पलीकडे मोकळा सोडून येईन. शेतं आहेत, खाईन बिचारा."

नत्थूजींनी पंप परत लुनेवर बांधला, पिंजरा आणला आणि चौकातून आणलेला गरम आलूबोंडा त्यात अडकवला. अर्धा. उरलेला अर्धा त्यांनी स्वतः खाल्ला, चव बरोबर आहे की नाही ते पाहायला.

रविवारी सकाळी पिंजऱ्यात उंदीर. नत्थूजींनी पिंजरा खिडकीसमोर धरून, डॉक्टर एक्सरे बघतात तसा डोळा बारीक केला. "मादी हाय," ते म्हणाले. "पक्की. या धंद्यात केस पांढरे झाले माये."

"उंदीरमाय!" आचलने टाळ्या पिटल्या आणि पिंजऱ्याला नमस्कार केला.

बबनरावांनी पिंजरा कापडी पिशवीत घातला आणि पिशवी मांडीवर घेऊन ते बसमध्ये बसले. कंडक्टर जवळ आला. "पिशवीत काय आहे, आबाजी?"

"पाहुणा आहे."

पिशवी म्हणाली, कुर्र. कंडक्टरने तिकीट फाडलं आणि पवनार येईपर्यंत तो दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

नदीपलीकडे जायचं हा बेत मात्र तडीस गेला नाही. पिशवीला आतून भोक पडू लागलं होतं आणि त्या भोकातून एक नाक बाहेरच्या जगाचा अंदाज घेत होतं. बबनरावांचा धीर सुटला. स्टॉपवरच्या हॉटेलामागे त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, "सुखी राह्य माय" म्हणाले आणि घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली.

दुपारी योगेंद्रने दिवाण साफ करायला काढला. गोधड्या निघाल्या, सतरंजी निघाली, तळाशी त्याच्या लग्नाचा कोट निघाला. कोटाची एक बाही कुरतडून कापसासारखी मऊ झाली होती आणि त्या कापसात, डोळे मिटलेली, गुलाबी गुलाबी पिल्लं एकमेकांवर पडून श्वास घेत होती.

"माया लग्नाचा कोट!" योगेंद्र ओरडला.

"बसत तरी कुठं होता तो तुम्हाला आता," रीता म्हणाली आणि खाली वाकली. तिच्या काखेतून आचलचं डोकं पुढे आलं.

"आई, हे कोणाचे हायेत?"

सगळ्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव हळूहळू खुर्चीत बसले. "अरे देवा," ते म्हणाले, "म्या मायलेकरं तोडली."

रीताला काळजी वेगळीच लागली. दिवाळीनंतर ती सावंगीच्या एका दवाखान्यात, केसपेपर काढून देण्याच्या खिडकीवर कामाला लागली होती. पहिले कितीतरी दिवस आचल सकाळी तिच्या पदराला लटकून रडायची, इतकी की रिक्षावाल्याचेही डोळे भरून यायचे. मग रीताला एक वाक्य सापडलं. 'आई सकाळी जाते, संध्याकाळी येते. सगळ्या आया येतात.' ते ती रोज म्हणायची आणि संध्याकाळी रोज खरं करून दाखवायची. एवढ्यात कुठे आचल न रडता दारात उभी राहून हात हलवायला लागली होती.

"या पिल्लायची आई सकाळी गेली ना?" आचलने विचारलं.

"हो," रीता म्हणाली.

"मंग संध्याकाळी येईन. सगळ्या आया येतात." आचलने आपला पाट आणला आणि कोटाजवळ ठेवून त्यावर बसली. "तवापर्यंत मी पाह्यते ह्यायच्याकडे."

रीताने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या सोमवार होता.

चार वाजता आचलने चिवड्याची वाटी बाजूला सारली. 'ती आल्यावर खाईन.' उन्हं भिंतीवर चढली तशी ती दारापाशी जाऊन आली, परत पाटावर बसली. बराच वेळ पिल्लांकडे बघत राहिली. मग मान न वळवता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, उद्या तू नोको जाऊ."

हे ऐकताच बबनराव उठले. त्यांनी चपला घातल्या आणि रिकामा पिंजरा उचलला. "योगेंद्र, नत्थूजीले फोन लाव. त्याले म्हण लुना घेऊन येजो."

पवनारच्या हॉटेलाचा मालक तानबा कढईसमोर उभा होता. बबनरावांना पाहताच त्याने झारा रोखला. "सकाळी पिशवीतून उंदीर सोडणारे तुमीच ना जी? म्या भजे तळता तळता पाह्यलं."

"चुकी झाली बावा," बबनराव हात जोडून म्हणाले. "ती परत पाह्यजे."

तानबाचा झारा तसाच हवेत राहिला. त्याच्या हॉटेलात गिऱ्हाइकांनी थंड भजी परत केली होती, चहा परत केला होता, पण उंदीर परत मागणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. त्याने काउंटरखालून आपला भला मोठा पिंजरा ओढला. आत उंदरांची दाटी झाली होती. "न्या. तुमची कोणती ते वळखून घ्या."

बबनरावांनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. सगळ्यांना सारख्याच मिशा. "नत्थूजी, यातली मादी कोणती?"

"सगळ्याच मादी दिसून राह्यल्या."

"पक्की?"

"उजेड कमी हाय जी आता," नत्थूजी म्हणाले.

बबनरावांनी थोडा विचार केला. "चुकीची नेली तं तिकडं लेकरं उपाशी मरतीन. सगळेच देजो, तानबा."

परतताना नत्थूजी लुनेवर सारखे मागे वळून बघत होते. "लोक मले उंदीर काढाले बलावतात," ते म्हणाले. "घरी पोचवाचं काम हे पह्यलंच. कोणाले सांगू नका बावा, धंदा बसन माया."

इकडे घरी शकुंतलाबाई कोटासमोर मांडी घालून बसल्या होत्या. कालपर्यंत औषधाची गोळी मागणाऱ्या या बाई कापसाची वात दुधात बुडवून पिल्लांच्या तोंडाशी धरत होत्या. "प्या ना रे मेल्याहो," त्या दटावत होत्या. "तोंड तरी उघडा. मले काही मिशा नाईत म्हणून नखरे करता काय?"

आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या कूलरमध्ये खसफस झाली. हिवाळ्यासाठी तो चादर बांधून ठेवला होता. चादरीखालून एक नाक आलं, मग कान आले, मग अख्खी उंदरीण. शकुंतलाबाईंचा हात वातीसकट हवेत थांबला. उंदरीण त्यांच्याकडे पाहत राहिली, त्या उंदरिणीकडे. मग ती सरळ कोटाशी आली, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि खोली ओलांडून कूलरच्या गवतात गेली. परत आली. दुसरं नेलं. परत आली.

"आली," आचल कुजबुजली. तिने रीताचं बोट घट्ट धरलं होतं. "आई, संध्याकाळी आली!" आणि मग, जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात, "माया चिवडा दे."

रीता वाटी आणायला आत गेली आणि जरा जास्तच वेळ आत राहिली. पदराने डोळे पुसून ती बाहेर आली, तेव्हा दारात बबनराव उभे होते, धुळीने माखलेले, विजयी.

"आणली!" त्यांनी पिंजरा खोलीच्या मधोमध ठेवला.

शकुंतलाबाईंनी पिंजरा पाहिला. मग कूलर दाखवला. शेवटचं पिल्लू तोंडात धरून उंदरीण नेमकी तेव्हाच चादरीखाली शिरत होती.

"मंग," बबनराव खाली बसत म्हणाले, "सकाळी म्या कोणाले सोडून आलो?"

"बाप असन," शकुंतलाबाई म्हणाल्या. "लेकरं अंगावर पडली अन् हा निंगाला आलूबोंड्याच्या वासानं. बाप्या माणसाची जातच तशी!"

योगेंद्र आणि नत्थूजी, दोघंही छताकडे पाहू लागले. नत्थूजी म्हणाले, "म्या मादी म्हटलं होतं का?"

"पक्की म्हटलं होतं!" सगळे एकदम ओरडले, आणि मग बबनरावांनाच आधी हसू फुटलं. हसता हसता त्यांचा चष्मा मांडीवर पडला. रीताही हसली, दिवसभराचं साठलेलं हसू. उद्याचा सोमवार तिला आता सोपा वाटत होता.

आचल मात्र पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली होती. आतली नाकं गजांतून बाहेर येऊन तिच्या चिवड्याचा वास घेत होती. तिने एकेक दाणा आत सारला.

"आई, हे सगळे पवनारचे हायेत?"

"हो गं राणी."

बाहेर दिवेलागण झाली होती. आचलने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे.

"मंग ह्यायचे पिल्लं," तिने विचारलं, "आता दारात बसून कोणाची वाट पाहून राह्यले असतीन?"