वाढत्या मापाचा क्लास

कात्रीबाईंच्या सुनेला कशाचीच घाई नव्हती. दूध उतू जायच्या बेतात असलं तरी ती चालतच यायची, आणि दूधही मेलं तिच्यासाठी थांबायचं. दवाखान्यात ती नर्स होती. दिवसभर लोकांची दुखणी काढून घरी येणार, चपला काढणार, पाय वर घेऊन निवांत चहा पिणार. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचा विषय काढला, की कपातून तोंड न काढता म्हणणार, "आई, ती आठवीत आहे."

"आठवीत आहे म्हणून काय झालं? कॉलेजची प्रवेशपरीक्षा उद्या दारात येऊन उभी राहील, तेव्हा तिलाही चहा पाजणार आहेस का?"

"अकरावीत गेली की सुरू करू. आत्ता तिला गणित आवडतंय, तेवढं पुरे आहे."

कात्रीबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. सगळी हयात शाळेचे गणवेश शिवण्यात गेली, आणि जिभेला कात्रीपेक्षा धार जास्त, म्हणून कात्रीबाई. मुलगा या वादात पडत नसे. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. तो आपला शिलाई मशीनला तेल घालत बसे. घरातलं मशीन कधी कुरकुरलं नाही, ते त्यामुळेच.

कात्रीबाईंची स्वतःची शाळा चौथीतच सुटली होती. पण धंद्यानं त्यांना एक शहाणपण शिकवलं होतं. पोराचं माप आजचं घ्यायचं नाही, दोन-तीन वर्षांनंतरचं घ्यायचं. आज बाह्या लोंबतात, पोरगं बुजगावणं दिसतं. पण वाढतं अंग, हां हां म्हणता भरतं. मग जे अंगाला लागू, ते डोक्याला का नाही?

दुसऱ्याच दिवशी त्या नातीला घेऊन कोपऱ्यावरच्या क्लासात गेल्या. क्लासच्या सरांच्या पँटी त्याच शिवायच्या आणि दरवर्षी कमरेला उसवून मोठ्या करून द्यायच्या, त्यामुळे ओळख जुनी.

"कितवीत आहे ही?" सरांनी विचारलं.

"अकरावीत," कात्रीबाईंनी ठोकून दिलं.

नातीनं मान वर करून आजीकडे पाहिलं. आजीनं तिचा हात असा दाबला, की पोरगी उभ्या उभ्या तीन वर्षांनी मोठी झाली.

"जरा लहानखुरी दिसते."

"आमच्या घरात सगळे उशिराच वाढतात. तुमचं बरं आहे, तुम्ही अजून वाढताय."

सरांनी पोट आत घेतलं आणि नातीला आत घेतलं. घरी कात्रीबाईंनी सांगितलं, गणिताचा क्लास लावलाय. यात खोटं काही नव्हतं. सून म्हणाली, "बरं."

क्लासात मिसरूड फुटलेली पोरं, आणि शेवटच्या बाकावर जमिनीला पाय न टेकणारी नात. संध्याकाळी ती म्हणाली, "आजी, फळ्यावरचं काहीच कळत नाही गं."

"नवा कपडा सुरुवातीला टोचतोच. पुढे सवय होते."

मग चाचणी झाली आणि सर स्वतः घरापुढच्या शिवणाच्या दुकानात आले. "बाई, अकरावीतल्या मुलीला नववीचंसुद्धा येत नाही. असं कसं?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण कात्रीबाईंच्या तोंडून माघार आजवर निघाली नव्हती, तिला वाटच माहीत नव्हती. "आजारी होती," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"नववीत." मग हिशेब जुळेना म्हणून, "दहावीतही."

"अरेरे. काय झालं होतं?"

कात्रीबाईंनी मदतीसाठी दुकानभर नजर फिरवली. बटणांच्या डब्याखेरीज तिथं काही नव्हतं. "ताप. हाडांत मुरलेला."

सरांचे डोळे पाणावले. दुसऱ्या दिवसापासून नात पहिल्या बाकावर आली. तिचं दप्तर कुणीतरी उचलायचं, बसायला कुणीतरी उशी द्यायचं. तिला वारा लागू नये म्हणून सर वर्षानुवर्षं उघडी असलेली खिडकी रोज ढकलून लावायचे. "एवढं सोसून शिकतेय, हिच्याकडून शिका," असं सगळ्या वर्गाला ऐकवायचे. आणि वर्ग कौतुकानं तिच्या कोऱ्या वहीकडे बघायचा.

एके दिवशी एक गिऱ्हाईक कापड घेऊन आलं. यातून किती शर्ट निघतील, हे नात एरवी टेप उलगडायच्या आत सांगायची. आजीचा अंदाज चुकला तर टाळ्या पिटायची. कात्रीबाईंनी हाक मारली, "ये गं, सांग बघू."

"मला नाही येत."

"अगं, कापड तर बघ."

"मला गणित येत नाही, आजी. क्लासात सगळ्यांना माहीत आहे."

ती हे रडून म्हणाली असती तर कात्रीबाईंनी दटावलं असतं. ती शांतपणे म्हणाली. कात्रीबाईंनी स्वतःच टेप उलगडून कापड मोजलं. पोरीला तिथून काढायला हवं होतं. पण मग सरांना सांगायचं काय? आणि सुनेला? त्यापेक्षा जीभ कापून दिलेली परवडली.

त्याच आठवड्यात ती खिडकी ढकलताना काच फुटली आणि सरांचा तळहात कापला. ते दवाखान्यात गेले. पट्टी बांधायला समोर कोण, तर सून.

ती घरी आली, चपला काढल्या, चहा घेतला. "आई, आज क्लासचे सर आले होते."

कात्रीबाई सुईत दोरा ओवायला लागल्या. दोरा काही जाईना.

"विचारत होते, अकरावीतल्या लेकीचा हाडांतला ताप पुन्हा उलटणार नाही ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, लक्षणं तशीच दिसतायत. डॉक्टरांनी क्लास बंद करायला सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"तुम्ही तिला दोन वर्षं ज्यांच्याकडे नेत होतात, त्यांनीच."

बस्, एवढंच. जेवताना टोमणा येईल, भांडी घासताना येईल, म्हणून कात्रीबाई उत्तर तयार ठेवून बसल्या. टोमणा आलाच नाही. तयार उत्तर पोटात घेऊन झोपणं किती जड असतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

क्लास सुटला, पण नात गणिताच्या वाटेला जाईना. मग एका सुट्टीच्या दुपारी सून कापड बेतायच्या टेबलावर कागद पसरून बसली आणि डोकं खाजवायला लागली. "एवढ्या वजनाच्या बाळाला एवढं औषध, तर या बाळाला किती? मघापासून चुकतंय बाई माझं."

नात खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिनं तिरक्या डोळ्यानं कागद पाहिला. "आई, तिथं भागायचंय. तू गुणतेयस."

"असं होय? आणि मग?"

"मग काय मग. दे इकडे. या बाळाला तर तू मारलंच असतंस."

थोड्या वेळानं नात आईला फैलावर घेत होती, "लक्ष कुठं असतं तुझं?" आणि आई खाली मान घालून ऐकत होती. पोरगी आणखी अवघड गणित मागत होती.

मशीनमागून कात्रीबाई बघत होत्या. ही सून तान्ह्या बाळांची औषधं थेंबाथेंबाचा हिशेब करून, तोंडपाठ देत आली होती. अडलं तर डॉक्टर तिला विचारायचे. तिला आठवीचं गणित जमत नव्हतं?

नात पेन्सिलीला टोक करायला आत गेली, तशा कात्रीबाई उठल्या आणि सुनेसमोर उभ्या राहिल्या.

"अकरावी म्हणतेस तर अकरावी. पोरीच्या शिक्षणाचं यापुढे तूच बघ. गिऱ्हाइकांना जन्मभर थापा मारूनही मला जमलं नाही, इतक्या सफाईनं तू खोटं बोलतेस."