रक्ताक्षी संवत्सरी बंब बंदरी आले त्याची हकीकत

श्री अग्निनारायण शांत असो, श्री वरुणराज जवळी असो. शके सतराशे शहाऐंशी, रक्ताक्षी नाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध चतुर्थी, प्रातःकाळ. पश्चिम समुद्राचे तीरी एक थोर बंदर, तेथे टोपीकरांचा अंमल, आणि त्या राज्यात अग्निखाते म्हणोन नवे खाते निर्माण जाहाले. खात्याचे व साऱ्या बंदराचे अधिपती थोरले साहेब, त्यांचे पदरी दप्तरदार अंताजीपंत, आणि प्रत्यक्ष आगीशी झुंज घेणार सरदार एकच, हिराजी नाईक कोळी. सरदाराची फौज खलाशी दहा, घोडे दोन, आणि तोफेचे जागी तांबडा सरकारी बंब. बंबास हौद, कातड्याची नळी, दोहों बाजूंस दांडे. दांडे हाणावे तैसे पाणी माडाचे शेंड्यास लागावे. ऐसा पराक्रमी बंब, परंतु त्यास प्यावयास समुद्र जवळ लागे.

ते दिवशी कापसाचे वखारीस आग लागली, आणि वारा नेमका कोळ्यांचे वाडीकडे वाहू लागला. वाडीत साठ घरे, सारी झावळ्यांची, त्यांत हिराजीचे घर. माणसे बाहेर निघाली, परंतु वाडी उठवोन तेथे नव्या वखारी बांधाव्या ऐसा कागद साहेबांचे मेजावर सहीस पडला होता, आणि वाडी एकदा जळाली म्हणजे पुन्हा उभी राहणे नाही हे हिराजी जाणोन होता. मग धक्क्याशी थोडे तरी पाणी उरले असेल या आशेने त्याने बंब दौडवीत तेथे नेला आणि पाहतो तो पुरी ओहोटी. समुद्र लांब गेलेला, चिखल मात्र शिल्लक. मग हिराजी कोरड्या हौदावर हात ठेवोन उभा राहिला आणि त्यास रडू आले, हे लपविण्याचे आम्हांस कारण नाही. डोळे पुसोन त्याने जासूद धाडिला, "सायबाला सांग, दर्या मागं गेलाय. बंब कोरडा हाय. दुसरं सरकारी बंब भरून धाडा म्हनावं. वाडी जाते."

तेसमयी साहेब हजामतीस बसले होते. एका गालास साबण तैसाच ठेवोन हुकूम फर्माविते जाहाले, की शहरात दुसरे दोन सरकारी बंब आहेत ते पाण्याने भरोन तात्काळ बंदरी आणावे. अंताजीपंतांनी हुकुमाचे मराठी केले, आणि घाईत 'दोन' गेले व 'सरकारी'ही गेले, आणि कागद बंबखान्याऐवजी दवंडीवाल्याचे हाती पडला. मग गल्लोगल्ली दवंडी पिटली, "शहरातले बंब भरून बंदरावर आणावेत हो." आता सकाळची वेळ, घरोघरी न्हाणीत तांब्याचे बंब पेटलेले, अंघोळीचे पाणी कढत जाहालेले. रयतेने दवंडी ऐकिली आणि कपाळास हात लाविला, की टोपीकराने किल्ला घेतला, राज्य घेतले, आता अंघोळही घेतो. परंतु हुकूम तो हुकूम.

इकडे हिराजी घोड्यांच्या टापांस कान लावोन उभा, तो आळीतून तांब्याची फौज चाल करोन आली. एकेका बंबास दोघे दोघे, दोहों कड्यांस धरोन, वरोन धूर निघतो आहे, आणि कित्येक पुरुष अंगास तेल लाविलेले तैसेच उघडे. अग्रभागी सोनारआळीच्या येसूबाई. त्यांनी बंब खाली ठेविला आणि म्हणाल्या, "सरकारनं बंब मागितला, हा घ्या. कढत आहे, हात पोळेल."

हिराजी बावरला. "काकी, त्यो न्हवं. सरकारी बंब मागवला व्हता."

"मग पाणी परत नेऊ का?"

हिराजीने एकवार वाडीकडे पाहिले. "नको काकी. वता."

मग येसूबाईंचा बंब हौदात रिता जाहाला, आणि मागोमाग दुसरा, आणि तिसरा, आणि ऐसे एकशे चाळीस. खलाशांनी दांडे हाणिले, नळी फुगली, आणि कढत धार प्रथम वाडीच्या झावळ्यांवर व मग वखारीवर पडली, आणि वाफेत माणसास माणूस दिसेना. तेल लाविलेले गृहस्थही दांड्यांस लागले आणि घसरोन घसरोन हाणिते जाहाले. अग्नीने आजवर थंड पाणी पुष्कळ पाहिले होते, न्हाणीतले ऊन पाणी कधी पाहिले नव्हते. दोन घटकांत तो मागे सरला आणि वखारीतच निमाला. वाडीची एक झावळी जळाली नाही.

इतक्यात साहेब अर्ध्या दाढीने येऊन दाखल जाहाले. "इतना बंब किधर से आया?" अंताजीपंतांस आपली चूक तेव्हाच उमगली आणि घाम फुटला, परंतु दप्तरात केस पिकलेले, म्हणाले, "हुजूर, आपल्याच हुकमानं." साहेब बहुत संतोषले आणि हिराजीस काय पाहिजे ते मागण्यास सांगितले. हिराजी म्हणाला, "मेजावरला वाडीचा कागद फाडा, सायेब." एवढ्या लोकांदेखत नाही म्हणवेना, साहेबांनी कागद आणविला आणि तेथेच फाडिला.

दुसरे दिवशी उजाडता कोळणी डोईवर हंडे घेऊन शहरात गेल्या आणि ज्याचे त्याचे बंब भरोन देत्या जाहाल्या. कित्येक घरवाल्यांनी पाणी उंबऱ्याबाहेरच उतरवोन घेतले, येसूबाई म्हणाल्या, "आत आणा गं, न्हाणी मागं आहे."

सारांश, थोरल्या सरकारात साहेबांनी लिहून धाडिले, की समयी एकशे चाळीस बंब हजर होते, आणि तेथे आजपावेतो त्याचे नवल करितात. वाडीत निराळे सांगतात, की एक दिवस सारे शहर आमच्यासाठी पारोसे राहिले.