आठल्येकाकांची भैरवी

चंडीगडला सेक्टर बावीसमध्ये आठल्येकाकांकडे दर रविवारी संध्याकाळी भजन असे आणि ते कधीच संपत नसे. एकदा भैरवी झाली की बैठक संपली, पुढे कुणी गायचं नाही, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. काकांनी त्यावर इलाज शोधला होता. ते भैरवी गातच नसत.

"चला काका, निघते," म्हटलं की लगेच, "भैरवी झाली का? नाही ना? मग बसा की. घरी काय म्हशीची धार काढायचीय?"

बसणार तरी किती! अभंगाच्या एकेका ओळीला काका पाऊण तास घ्यायचे. मुलीचा फोन यायचा, "मम्मा, अंकलजी का एंड नहीं होता क्या?" मी चिडून पेटी मिटायला जायचे, तेवढ्यात काका यमन असा काही लावायचे की हात तिथेच थांबायचा. मिटतेय कसली!

काका केंद्र सरकारच्या नोकरीतून इथेच निवृत्त झालेले, एकटे. बाकी आम्ही सगळे बदलीवाले. तबल्यावर हवाई दलातले एक साहेब असत, त्यांची बदली झाली. मग टाळ वाजवणाऱ्या वहिनी गेल्या. चार वर्षांत सतरंजीवर उरलो काका आणि मी.

आणि आमचीही ऑर्डर आली.

शेवटच्या रविवारी काकांनी नेहमीपेक्षा जास्त लांबण लावली. घरी अर्धं सामान बांधायचं पडलेलं. शिवाय, खोटं कशाला बोलू, म्हातारबुवांची जिरवावी असंही मनात होतं. काका पाणी प्यायला थांबले आणि मीच पेटीवर भैरवी धरली. आईकडून शिकलेलं एक भजन म्हणून टाकलं.

काकांनी अडवलं नाही. डोळे मिटून शेवटपर्यंत टाळ धरला. मग म्हणाले, "छान म्हटलंत. झालं तर." आणि सतरंजीची घडी घालायला लागले. "चार वर्षं पुरवली होती हो भैरवी."

मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. माणसं उठून जाऊ नयेत म्हणून चाललं होतं सगळं, आणि मी बया त्याला विक्षिप्तपणा समजत होते. माझाच मला इतका राग आला!

काका जिन्यापर्यंत पोचवायला आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. खाली घरमालकीण बीजी बसल्या होत्या. "आज इतनी जल्दी, बेटा?"

मी जिन्याकडे पाहिलं. वर अगदी चिडीचूप होतं. भैरवीनंतर काका आता काही गाणार नव्हते.

मी तशीच माघारी वळले. दार उघडंच होतं.

"काका, माझी पिशवी राहिली."

"तुम्ही पिशवी आणलीच नव्हती," काका म्हणाले, आणि सतरंजीची घडी मोडायला लागले.